टहरौलीची हवेली : वाडा नव्हे, पाण्याचे शेत

सप्टेंबर महिन्यातल्या उपग्रहचित्रात तो तुकडा काळाभोर दिसतो. नोव्हेंबरच्या चित्रात त्याच जागी करडी, ओलसर छटा येते. जानेवारी उजाडला की तोच तुकडा लालभडक होतो आणि एप्रिल-मे महिन्यांत पुन्हा फिक्कट पडतो. भूगोलाची किंवा कृषी विषयाची पदवी घेऊन नुकतेच बाहेर पडलेले मूल संगणकासमोर बसून झाशी जिल्ह्यातल्या टहरौली तहसिलीची वर्षभराची चित्रे एकाशेजारी एक मांडते, तेव्हा असे तुकडे त्याला हमखास कोड्यात टाकतात. तलाव म्हणावा, तर तो हिवाळ्यात लाल कसा होईल? शेत म्हणावे, तर ते ऐन पावसाळ्यात काळे का?

आधी या रंगांविषयी सांगायला हवे. उपग्रहावरचा कॅमेरा आपल्या डोळ्यांना दिसतो तो प्रकाश टिपतोच, शिवाय आपल्याला न दिसणारे अवरक्त किरणही टिपतो. हिरवेगार पान हे किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. म्हणून तज्ज्ञांनी सोयीसाठी असा संकेत ठरवला आहे की, चित्रात अवरक्त किरणांना लाल रंग द्यायचा. त्यामुळे जोमदार पीक लाल दिसते. पाणी हे किरण गिळून टाकते, म्हणून स्वच्छ, खोल पाणी काळे दिसते. उघडी माती करडी किंवा निळसर दिसते. एवढे कळले की कोडे निम्मे सुटते. सप्टेंबरमध्ये तिथे पाणी आहे, नोव्हेंबरमध्ये ओली माती आणि जानेवारीत गहू.

उरलेल्या अर्ध्या कोड्याचे उत्तर मात्र संगणकात सापडत नाही. त्यासाठी टहरौलीच्या शिवारात जाऊन कोणाही वयस्क शेतकऱ्याला विचारावे लागते. तो एका शब्दात उत्तर देतो : हवेली.

मराठी माणसाला हवेली म्हटले की नक्षीदार खांबांचा चिरेबंदी वाडा आठवतो, पुणेकराला आपला तालुका आठवतो. बुंदेलखंडातली ही हवेली वेगळी. ती आहे चारी महिने पाणी धरून ठेवणारे आणि नंतर पीक देणारे शेत. पावसाळ्यात तलाव, हिवाळ्यात शेत. उपग्रहाने तिचे दोन्ही चेहरे प्रामाणिकपणे टिपलेले असतात. पण ती तशी का आहे आणि कोणाच्या जिवावर आहे, हे त्याला वरून दिसत नाही.

पाऊस पडतो, पण मुरत नाही

झाशीचे नाव निघाले की आपल्याकडे राणी लक्ष्मीबाईंपुढे गोष्ट जात नाही. फार तर कोणी नारो शंकरांची आठवण काढेल, ज्यांच्याकडे १७४२ मध्ये झाशीचा कारभार आला आणि ज्यांनी तिथला किल्ला वाढवला. किल्ल्यापासून पूर्वेकडे निघाले की बेतवा आणि धसान या दोन नद्यांच्या मधला पट्टा लागतो. टहरौली याच पट्ट्यात आहे. लाल-करडी माती, मधूनच जमिनीतून वर आलेले गोल गुळगुळीत खडक आणि दूरवर भिंतीसारख्या सरळ रेषेत जाणाऱ्या गारगोटीच्या टेकड्या. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. बुंदेलखंडचा ग्रॅनाइट त्याच्या कितीतरी पट जुना, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा.

या खडकातच सगळी अडचण आहे. या भागात वर्षाला साधारण ८५० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे पुणे शहरापेक्षा जास्तच. पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या काळात, आणि त्यातलाही बराचसा मोजक्या दिवसांत कोसळून मोकळा होतो. खालचा खडक अखंड, कठीण. पाणी साठायला जागा फक्त वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. वरचे पाणी धावत नाल्याला, नाल्याचे नदीला. मग मार्च-एप्रिलमध्ये विहिरींचे तळ दिसू लागतात, हातपंप नुसते हवा ओढतात आणि बायकांच्या डोक्यावर हंडे चढतात.

२००० नंतरच्या दशकात या भागाने एकामागोमाग एक कोरडी वर्षे पाहिली. केंद्र सरकारने २००९ मध्ये उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या बुंदेलखंडासाठी ७,२६६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती याच पार्श्वभूमीवर. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, ते वाचकांच्या स्मरणात असेल. बुंदेलखंड तेव्हा त्याच दुष्काळाच्या झळा सोसत होते.

अशा मुलखात पूर्वीच्या लोकांनी काय केले? उताराच्या खालच्या अंगाला, जिथे माती थोडी खोल आणि भारी असते, तिथे आडवा मातीचा बांध घातला. बांधामागच्या शेतांत पावसाळाभर पाणी तुंबू दिले. तीन-साडेतीन महिने ते पाणी हळूहळू मुरत राहते, आसपासच्या विहिरींना पोचते. डोंगरउतारावरून वाहून येणारी गाळमाती तिथेच बसते, त्यामुळे शेत वर्षानुवर्षे कसदार होत जाते. ऑक्टोबरमध्ये बांधाची मोरी उघडून उरलेले पाणी सोडून द्यायचे, जमिनीला वाफसा आला की गहू किंवा हरभरा पेरायचा. जमिनीच्या पोटात इतकी ओल असते की पिकाला वरून फारसे पाणी द्यावे लागत नाही. ही पद्धत शेकडो वर्षे चालत आलेली आहे. मध्य प्रदेशात जबलपूर-नरसिंहपूरकडेही ती याच नावाने ओळखली जाते.

ऐकायला सोपे आहे, पण त्यात एक मेख आहे. ज्याचे शेत बांधामागे बुडते, त्याला खरिपाचे पीक घेता येत नाही. उडीद, मूग, तीळ, भुईमूग यांवर त्याने दरवर्षी पाणी सोडायचे, तेही शब्दशः. फायदा मात्र खालच्या सगळ्या विहिरींना, म्हणजे पर्यायाने गावाला. त्याला मिळते ते गव्हाचे खात्रीचे पीक आणि गाळाची माती. घरातली जमीन एकत्र होती, तोवर हा सौदा परवडत होता. वाटण्या झाल्या, एकेका हवेलीचे आठ-दहा मालक झाले आणि सौदा मोडायला लागला. एकाला पाणी हवे, दुसऱ्याला उडीद पेरायचा. बांध फुटला तर दुरुस्ती कोणी करायची? मातीचाच बांध तो. एखाद्या वर्षी जोराचा पाऊस आला, भगदाड पडले, ते तसेच राहिले. पुढच्या सप्टेंबरमध्ये त्या जागी काळा तुकडा दिसला नाही. त्यानंतरही नाही.

विदर्भातल्या वाचकांना हे नवे वाटणार नाही. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव, ज्यांना तिकडे 'मामा तलाव' म्हणतात, यांचीही गोष्ट जवळपास अशीच आहे. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले आणि जपलेले तलाव मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले आणि पाळीवर माती टाकणारे हात हळूहळू दुसरीकडे वळले. पाणी अडवण्याची युक्ती टिकते ती बांधाच्या मातीमुळे थोडी आणि बांधाभोवतीच्या करारामुळे जास्त.

झाशीजवळ हा करार पुन्हा जुळवून पाहण्याचा एक चांगला प्रयत्न झाला आहे. जिल्ह्याच्या बबीना भागातल्या परासई, छतपूर आणि बछौनी या तीन गावांच्या सुमारे १,२५० हेक्टरांच्या पाणलोटात २०११ पासून काम सुरू झाले. त्यात दोन संस्था होत्या. हैदराबादजवळच्या पाटणचेरूची इक्रिसॅट आणि झाशीतच १९८८ पासून असलेली, झाडे व पिके एकत्र घेण्यावर संशोधन करणारी केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था. तिथली जुनी, फुटलेली हवेली पक्का सांडवा देऊन पुन्हा उभी केली, नाल्यांवर बंधारे घातले. विहिरींची पाणीपातळी सरासरी दोन ते पाच मीटरने वर आली. नंतर या अनुभवाच्या आधारे उत्तर प्रदेशातल्या बुंदेलखंडाच्या सातही जिल्ह्यांत निवडक गावे घेण्यात आली आणि टहरौलीच्या पट्ट्यातही हवेल्यांच्या दुरुस्तीचे काम हाती आले.

आता प्रश्न असा पडतो की, एवढ्या मोठ्या मुलखात जुन्या हवेल्या नेमक्या कुठे होत्या? कुठली जिवंत आहे, कुठली फुटली, कुठल्या बांधावर आज रस्ता झाला आहे? गावोगाव फिरून यादी करायची तर वर्षे जातील. इथे उपग्रह उपयोगी पडतो, आणि चित्रांवरून नजर फिरवायला नुकती पदवी घेतलेली मुलेही.

जुन्या भाषेतली उमेदवारी

आजकाल ज्याला इंटर्नशिप म्हणतात, त्याला आपल्याकडे फार चांगला शब्द होता : उमेदवारी. सुताराकडे, वैद्याकडे, छापखान्यात पोरे उमेदवारी करत. पगार नावापुरता किंवा तोही नाही, पण हात तयार होई. निवडणुकांनी हा शब्द पळवला. पण संरक्षण-संवर्धनाच्या कामात दोन महिने, सहा महिने घालवणारी आजची मुले करतात ती उमेदवारीच. फरक इतकाच की किकरे आणि रंधा यांच्या जागी संगणक आला आहे.

या उमेदवाराचा पहिला आठवडा चित्रे गोळा करण्यात जातो. हे काम आता जेवढे सोपे आहे तेवढे पूर्वी नव्हते. भारताचा पहिला कार्यरत दूरसंवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, १७ मार्च १९८८ रोजी रशियाच्या रॉकेटवरून बैकोनूर येथून सुटला. त्याच्या एका कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, साडेबहात्तर मीटर लांब-रुंद असे. हिशेब केला तर एका ठिपक्यात सव्वा एकर जमीन. लहान शेतकऱ्याचे अख्खे शेत एका ठिपक्यात मावून जाई आणि शेजाऱ्याच्या शेतात मिसळून जाई. आज युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांचे ठिपके दहा मीटरचे आहेत. म्हणजे एकरात चाळीसएक ठिपके. ही उपग्रहजोडी पाचेक दिवसांनी पुन्हा त्याच जागेवरून जाते, सकाळी साडेदहाच्या सुमारास, आणि तिची चित्रे कोणालाही फुकट मिळतात. अमेरिकेच्या लँडसॅटची चित्रे २००८ मध्ये फुकट झाली. त्याआधी एकेका चित्राला शेकडो डॉलर मोजावे लागत, तेव्हा विद्यार्थ्याने त्यांचा विचारही करू नये अशी स्थिती होती. आपल्या इस्रोनेही २००९ मध्ये 'भुवन' हे नकाशांचे दालन खुले केले.

चित्रे हाती आली की पहिली ठेच लागते ती ढगांची. हवेली भरते जुलै-ऑगस्टमध्ये आणि नेमके तेव्हाच आकाश झाकलेले. महिनाभराच्या चित्रांत पांढऱ्या कापसाशिवाय काही दिसत नाही. मग रडारचे उपग्रह मदतीला घ्यावे लागतात. ते स्वतःच लहरी सोडतात आणि परत आलेल्या मोजतात. ढगांचा त्यांना अडथळा नाही. शांत पाण्यावरून लहर आरशावरून घसरावी तशी पलीकडे निघून जाते, उपग्रहाकडे परत येत नाही, म्हणून पाणी काळे दिसते. पण वारा सुटला, पाण्यावर तरंग उठले की तेच पाणी उजळ दिसू लागते आणि उमेदवार फसतो.

दुसरी ठेच गढूळ पाण्याची. पहिल्या पावसात लाल माती घेऊन आलेले पाणी काळे दिसतच नाही, ते फिकट निळे दिसते, जवळजवळ उघड्या जमिनीसारखे. सप्टेंबरात गाळ खाली बसल्यावर खरे रूप कळते. म्हणून अनुभवी मंडळी नवख्यांना एका चित्रावरून काहीच ठरवू देत नाहीत. सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी, एप्रिल अशी चार तरी चित्रे हवीत. जे चारही महिने काळे राहते, तो तलाव. जे काळे होऊन लाल होते, ती हवेली. जे सप्टेंबरमध्येच लाल असते, ते खरिपाचे शेत.

आणि फुटलेली हवेली? ती शोधणे सगळ्यांत चिकाटीचे काम. तिथे पाणी नाही, म्हणून काळा तुकडा नाही. पण जमिनीच्या उंच-सखलपणाचा नकाशा मांडला की उतार कुठे संपतो, पाणी कुठे जमायला हवे होते हे दिसते. भारताच्या कार्टोसॅट-१ ने २००५ पासून काढलेल्या जोडचित्रांतून असा नकाशा तयार झाला. दोन डोळ्यांनी पाहिल्यावर आपल्याला खोली कळते, तीच युक्ती. त्या सखल जागेच्या काठाने एक बारीक रेघ, तिच्यावर बाभळी-पळसाची झाडे, रेघेत मधेच एक तोडलेला भाग आणि तिथून निघालेली घळ, एवढे जुळले की उमेदवार नकाशावर प्रश्नचिन्ह टाकतो. प्रश्नचिन्हच टाकायचे. उत्तर गावात जाऊन.

ज्या शब्दाने जमीन बदलते

गावात गेल्यावर काय होते, ते एका उदाहरणाने सांगता येईल. चित्रांत टहरौलीच्या बाजूला खरिपात कितीतरी शेते रिकामी दिसतात. पाऊस झालेला, जमीन ओली, तरी पीक नाही. खोलीत बसून विचार केला तर तर्क सरळ आहे : पाण्याची कमतरता, किंवा माती वाईट. उमेदवार तसे लिहून मोकळा होऊ शकतो. शेताच्या बांधावर उभे राहून विचारले तर वेगळेच ऐकू येते. कारण आहे ढोरे.

बुंदेलखंडात 'अन्ना प्रथा' म्हणून एक चाल आहे. रब्बीचे पीक निघाले, चारा-पाणी आटले की दूध न देणारी गुरे मोकळी सोडून द्यायची. ढोर हा शब्दही तिकडचा-इकडचा एकच. पूर्वी ही गुरे उन्हाळ्यापुरती सुटत आणि पेरणीच्या वेळी परत बांधली जात. आता ती परत बांधली जात नाहीत. वर्षभर कळप मोकाट फिरतात आणि एका रात्रीत उभे पीक साफ करतात. खरिपात राखण करायला माणूस परवडत नाही, म्हणून शेतकरी पेरतच नाही. रिकाम्या शेताचे कारण आकाशात नाही, मातीतही नाही, ते गोठ्यात आहे. अशा ठिकाणी कितीही बंधारे बांधले तरी खरिपाचा लाल रंग चित्रात उमटणार नाही.

गंमत पाहा, चित्रात हवेलीचे शेत आणि मोकाट गुरांमुळे रिकामे राहिलेले शेत या दोन्हींवर यंत्र एकच शिक्का मारू शकते : 'खरिपात पडीक'. एकावर गाव विचारपूर्वक पाणी साठवते आहे, दुसऱ्यावर शेतकरी हात टेकून बसला आहे. पण नकाशा कार्यालयात पोचतो तेव्हा रंगाबरोबर तो शब्दच पोचतो. आणि पडीक हा शब्द पाहिल्यावर कुठल्याही अधिकाऱ्याला वाटणार की, ही जमीन लागवडीखाली आणायला हवी. हवेलीचा बांध काढा, पाणी काढून द्या, सोयाबीन किंवा उडीद पेरा! कागदावर ती सुधारणा ठरेल, आणि गावाच्या विहिरी दोन-चार वर्षांत कोरड्या पडतील. उमेदवाराच्या हातून झालेली एका शब्दाची चूक एवढी महाग पडू शकते.

ही काल्पनिक भीती नाही, महाराष्ट्राने तिचा अनुभव घेतला आहे. सोलापूर, पुणे, अहिल्यानगर जिल्ह्यांतली माळराने उन्हाळ्यातल्या चित्रांत उजाड दिसतात. देशातल्या पडीक जमिनींचा उपग्रहचित्रांवर आधारलेला नकाशासंग्रह २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात अशा माळांचा मोठा भाग पडीकांत मोजला गेला. काळवीट, लांडगा, खोकड आणि माळढोक यांचे हे घर. धनगरांच्या मेंढ्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कुरण. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले, तरी त्याच्या आजूबाजूचे माळ 'रिकामे' म्हणून झाडोरा लावायला, नांगरायला, बांधकामाला जात राहिले. आज तिथे माळढोक दिसणे ही बातमी होते. गवताला चित्रात स्वतःचे नाव मिळाले असते तर सगळेच वाचले असते असे नाही. पण नाव नसलेल्या गोष्टीची बाजू घेणे कठीण जाते.

जंगलांच्या बाबतीतही असेच घडले होते. १९८० च्या दशकात राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने दोन काळांतली उपग्रहचित्रे तपासली आणि सांगितले की, १९७२-७५ मध्ये देशाच्या १६.८९ टक्के भूभागावर जंगल होते, ते १९८०-८२ पर्यंत १४.१० टक्क्यांवर आले. देशभर खळबळ माजली. पुढे देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेबरोबर बसून आकड्यांचा मेळ घातला, तेव्हा जंगलाचे प्रमाण १९ टक्क्यांच्या पुढे भरले. चित्रे खोटी नव्हती. किती विरळ झाडीला जंगल म्हणायचे, कुठल्या महिन्यातले चित्र घ्यायचे, यावरच मतभेद होते. मार्च-एप्रिलमध्ये पळसाचे रान पाहा, एक पान नसते झाडावर. उपग्रहाला ते ओसाड दिसले तर त्यात त्याचा काय दोष?

म्हणून या क्षेत्रात 'जमिनीवरची पडताळणी' हा भाग सक्तीचा असतो. नकाशावर यंत्राने दिलेल्या नावांतून काही जागा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडायच्या, जीपीएस घेऊन प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष उभे राहायचे आणि समोर काय आहे ते लिहायचे. समजा शंभर जागा पाहिल्या आणि ऐंशी बरोबर निघाल्या, तर नकाशावर तसे स्पष्ट नमूद करायचे. चुकलेल्या वीस का चुकल्या, हे शोधताना उमेदवार जे शिकतो, ते त्याला कुठल्याही वर्गात मिळत नाही. मोटारसायकलवरून दिवसाला दहा-बारा जागा होतात. वाटेत लेखपाल भेटतो, म्हणजे आपला तलाठी. त्याच्या खसऱ्यातले नाव तिसरेच असते.

घरच्यांचे प्रश्न

मुलगा किंवा मुलगी असे काही करायचे म्हणते तेव्हा घरी पहिला प्रश्न येतो : यातून पुढे काय? खरे सांगायचे तर हमी कशाचीच नाही. अनेक ठिकाणी उमेदवारीत मानधन मिळत नाही, राहण्या-जेवण्याचा खर्च घरूनच करावा लागतो. ज्याला हे परवडत नाही, त्याची हुशारी असूनही संधी हुकते. या व्यवस्थेतली ही मोठीच खोट आहे आणि संस्था तिच्याबद्दल फारशा बोलत नाहीत.

पण शिकण्याची दारे मात्र पूर्वीपेक्षा उघडी आहेत. देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था १९६६ मध्ये हवाई छायाचित्रे वाचायला शिकवण्यासाठी सुरू झाली. ती २००७ पासून दूरशिक्षणाने विनाशुल्क अभ्यासक्रम घेते. नागपूरला १९८८ पासून महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागात नकाशाशास्त्राचे हे नवे अंग शिकता येते. लागणारी संगणकप्रणालीही फुकट मिळते, क्यूजीआयएस हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव. घरच्या साध्या संगणकावर आपल्याच तालुक्यातल्या एका तलावाची दहा वर्षांची चित्रे लावून पाहिली तर मुलाला या कामाची गोडी आहे की नाही, ते महिन्याभरात कळते. न आवडले तर काही बिघडत नाही, कोणाचे पैसे बुडत नाहीत.

मुलींच्या आयांना वेगळी काळजी असते, आणि ती रास्त आहे. परक्या मुलखात, उन्हातान्हात, अनोळखी शिवारात फिरायचे. गावात मुक्काम असेल तर स्वच्छतागृहाची सोय काय, संध्याकाळी परतायला वाहन आहे का, बरोबर कोण असते? संस्थेला हे प्रश्न आधीच, लेखी विचारावेत. संकोच करू नये. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाण्याची निम्मी गोष्ट गावातल्या बायकांजवळ असते. कुठली विहीर कोणत्या महिन्यात आटते, कुठल्या हातपंपाला पहाटेच रांग लागते, दुसऱ्या वस्तीवरच्या विहिरीला कोणाला हात लावू देत नाहीत, हे त्या एखाद्या मुलीला ओसरीवर बसवून सांगतात. अनोळखी तरुण मुलाला सांगतीलच असे नाही. विहिरीचे पाणी किती खोल गेले, हे तर दहा मीटरच्या ठिपक्यात कधीच दिसत नाही. ते दोराच्या लांबीवरूनच कळते.

भाषेची भीती फार बाळगू नये. बुंदेली हिंदीची बहीण आहे, चार दिवसांत कान सरावतो. 'राकड', 'पडुवा', 'काबर', 'मार' ही मातीची नावे मात्र पाठ करावी लागतात. पहिल्या दोन हलक्या, लालसर, लवकर कोरड्या पडणाऱ्या. शेवटच्या दोन काळ्या, भारी. हवेलीसाठी कुठली माती चांगली, असे शेतकऱ्याला विचारले तर तो या चार शब्दांतच उत्तर देणार. कृषी विद्यापीठात शिकलेले इंग्रजी वर्गीकरण त्या वेळी कामाला येत नाही.

मोरी उघडण्याचा दिवस

ऑक्टोबरमध्ये या कामातला एक दिवस महत्त्वाचा असतो. हवेलीचे पाणी कधी सोडायचे, हे ज्यांची शेते बुडालेली आहेत ते एकत्र बसून ठरवतात. लवकर सोडले तर विहिरींना कमी पाणी मिळते. उशीर केला तर गव्हाची पेरणी लांबते, आणि उत्तरेकडच्या थंडीत पेरणी लांबली की मार्चच्या उष्ण वाऱ्यात दाणा बारीक राहतो. विहिरीवाला म्हणतो आणखी आठ दिवस थांबा, शेतवाला म्हणतो माझा वाफसा जाईल. कधी हे बोलणे तासाभरात संपते, कधी दोन-दोन बैठका होतात.

उमेदवाराने त्या वेळी तिथे असावे, अशी शिकवणाऱ्यांची अपेक्षा असते. नकाशा सोबत न्यावा, जमिनीवर पसरावा. मग म्हातारी माणसे वाकून पाहतात, बोट ठेवून आपले शेत शोधतात, आणि बहुधा नकाशावर नसलेल्या एखाद्या जुन्या बांधाकडे बोट दाखवतात. तिथेही आमच्या लहानपणी पाणी थांबत असे. उमेदवार वहीत ती जागा टिपून घेतो, पुढच्या फेरीत पाहण्यासाठी.

मोरी उघडली की पाणी नाल्याला लागते. चार-सहा दिवसांत चिखल दिसू लागतो, बगळे उतरतात. पुढच्या खेपेला सकाळी साडेदहाच्या सुमारास उपग्रह वरून जातो तेव्हा काळ्या तुकड्याची कड आत सरकलेली असते. चित्राच्या कोपऱ्यात तारीख आपोआप येते. उमेदवार त्या तारखेसमोर स्वतःच्या हाताने आणखी एक तारीख लिहितो, मोरी उघडल्याची, आणि तिच्यापुढे, बैठकीत कोण कोण होते, त्यांची नावे.